अप्पांची आंघोळ

कुत्रा बसला.

भुंकला नाही, गुरगुरला नाही, शेपूटसुद्धा हलवली नाही. नुसता खाली बसला आणि मान वर करून आपल्या हवालदाराकडे बघायला लागला. तुम्ही म्हणाल, कुत्रा बसला तर बसला, त्यात काय एवढं! पण स्फोटकं हुंगायला शिकवलेला कुत्रा भुंकत नसतो. वास लागला की जागच्या जागी बसतो. 'कुत्रा बसला' हे दोन शब्द ऐकले की आमच्या धंद्यात भलेभले चार पावलं मागं सरतात.

आणि तो बसला होता शिवप्पा बिराजदारांसमोर. वय सत्तरीच्या पुढं, अंगाने काटकुळे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्याला पटका. सगळा गाव त्यांना अप्पा म्हणायचा. तासाभराने हेलिकॉप्टर उतरणार होतं. त्यातून देशातले सगळ्यात मोठे पाहुणे येणार होते, आणि हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर अप्पा त्यांच्यासमोर उभे राहणार होते. तशी परवानगी दिलेली होती. त्या परवानगीवर सही माझी होती.

मी तेव्हा लातूरला स्पेशल ब्रँचमध्ये फौजदार होतो. मूळचा उमरीचा, नांदेड जिल्ह्यातला. स्पेशल ब्रँच म्हणजे पोलिसांतली ती शाखा, जी खाकी कमी घालते आणि हॉटेलातला चहा जास्त पिते. कुठं कोण काय बोलून राहिलं, कोणाच्या डोक्यात काय शिजून राहिलं, याची खबर ठेवायची. एरवी आम्हाला कुत्रं विचारत नाही. पण मोठा दौरा लागला की दिल्लीहून सुरक्षेची टीम काही दिवस आधी येऊन बसते, आणि त्यांना इथल्या वाटा, इथली माणसं, इथली बोली सांगायला कोणीतरी लागतो. तो कोणीतरी मी. कागदावर त्याला लायझन ऑफिसर म्हणतात. खरं काम म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या खाणं.

पाहुण्यांचं नाव मी इथं घेणार नाही. आम्हाला ती सवयच नाही. आम्ही 'व्हीआयपी' म्हणायचो, तेवढंच पुरे.

लातूर जिल्हा नुकता वेगळा झालेला. नवं बिऱ्हाड मांडल्यावर शेजारणीकडून पाटा-वरवंटा मागून आणतात, तसे आम्ही वायरलेस सेट नांदेडहून मागून आणले होते. एसपी ऑफिस भाड्याच्या घरात. लेटरहेडवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव पेनाने खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं. त्यात दुष्काळ असा, की रेणापूरच्या बाजूला गेलं तर ढोरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. व्हीआयपी तोच दुष्काळ बघायला येणार होते. एका कोरड्या विहिरीपाशी दहा मिनिटं उभं राहायचं, गावातल्या पाच माणसांना भेटायचं आणि परत.

ज्या गावात हे ठरलं, त्या गावाचं दुखणं जरा निराळं होतं. जिल्हे वेगळे होताना हे गाव मधल्या मधे लोंबकळलं. जुन्या जिल्ह्याचे साहेब म्हणायचे, तुम्ही आता लातूरचे, टँकर तिकडून मागा. लातूरचे म्हणायचे, तुमचे कागद अजून आलेच नाहीत. कागद येईपर्यंत गावाने काय प्यायचं, ते कोणीच सांगत नव्हतं. आजूबाजूच्या गावांना टँकर जायचा, ह्या गावावरून धूळ उडवत जायचा, पण थांबायचा नाही. एकट्या अप्पांच्या विहिरीला तळाशी थोडं झिरपायचं. अप्पांनी ती सगळ्यांना मोकळी करून दिली होती. जातपात न बघता.

भेटणाऱ्या पाचांपैकी चौघांनी हार घालून नमस्कार करायचा होता. बोलणार होते फक्त अप्पा. तेवढी छाती त्यांचीच होती. आणि त्यांचं नाव कटलं तर जागा घ्यायला उपसरपंच टपून बसले होते. तालुक्याच्या कोणा पुढाऱ्याने त्यांच्याकडून एकच वाक्य घोकून घेतलं होतं, 'आपल्या कृपेने गावात सर्व व्यवस्थित आहे.' ते एक वाक्य व्हीआयपींच्या कानावर गेलं असतं की गावाला टँकर कधीच मिळाला नसता. हे मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून कुत्रा अप्पांसमोर बसला तेव्हा माझ्याआधी बांबूच्या कठड्यामागं उभ्या असलेल्या बायांच्या काळजात चर्र झालं असणार.

दिल्लीच्या टीमचे प्रमुख चौहानसाहेब. उंच, कमी बोलणारे, हसताना मी त्यांना पाहिलं नाही. राग राग यायचा मला त्यांचा. पण खोटं कशाला बोलू, माणूस कामाला पक्का होता. त्यांचे दोन नियम होते आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. एक, "बंद चीज़ अंदर नहीं जाएगी." म्हणजे डबा असो, पिशवी असो, नारळ असो, उघडून बघितल्याशिवाय व्हीआयपींजवळ न्यायचा नाही. दुसरा, "जो लाएगा वही पहले खाएगा." जो पदार्थ आणतो त्याने आधी सगळ्यांसमोर खायचा. ह्या दुसऱ्या नियमापायी लातूरच्या रेस्ट हाउसचा स्वयंपाकी पार रडकुंडीला आला होता. प्रत्येक भांड्यातलं वाटी-वाटी खाऊन मला म्हणाला, "साहेब, जेवण त्यांचं आन् पोट माझं फुटायलंय!"

आता हे चौहानसाहेब हलले. आवाज चढवला नाही, धावपळ केली नाही. बोटाने दोन खुणा केल्या. त्यांच्या दोन माणसांनी अप्पांना दोन्ही दंडाला धरून मैदानालगतच्या शाळेच्या खोलीत नेलं, दार लावलं. मी मागोमाग घुसलो.

आत एकाने हातातलं मशीन अप्पांच्या अंगावरून फिरवलं. धातू सापडला की ते किरकिरतं. गळ्याशी आल्यावर ते असं किरकिरलं की थांबेचना. सदऱ्याच्या आत दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी होती. लिंगायत लोक तिला करडगी म्हणतात. त्यात इष्टलिंग असतं. लहानपणी स्वामी ते गळ्यात बांधतात, मग ते जन्मभर अंगावर. निजताना, नाहताना, शेतात, दुकानात, कधीच उतरवायचं नाही. लातूर-उदगीरकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चौहानसाहेबांना कोण सांगणार?

"इसमें क्या है? खोलकर दीजिए."

अप्पांनी डबीवर मूठ आवळली. झालं! दोघांचे हात कमरेच्या पिस्तुलावर गेले. संशयित माणूस एकदम गळ्याशी हात नेतो, याचा अर्थ त्या लोकांच्या पुस्तकात एकच लिहिलेला असतो. मी मधे उभा राहिलो आणि ओरडलो, "रुको साब, भगवान है उसमें!"

आज आठवलं की हसू येतं. तेव्हा जीव टांगणीला लागला होता.

"अप्पा," मी म्हणालो, "मूठ सोडा. हात खाली करा. हळू."

अप्पांनी हात खाली घेतला. भ्यायले नव्हते, चिडले होते. "फौजदार, ह्यास्नी सांगा. हे दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतंय. मी मेल्यावरबी हे काढत न्हाईत. माझ्यासंगं मातीत जातंय. मग ह्या बाबाच्या हातात कसं देऊ?"

मी हिंदीत सांगितलं. चौहानसाहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले ते बरोबरच होतं, हे मला आजही मान्य आहे. म्हणाले, डबीचं नंतर बघू. आधी मला हे सांगा, कुत्रा का बसला?

मी अप्पांसमोर उकिडवा बसलो. "अप्पा, खरं सांगा. सुरुंगाला हात लावला होता का?"

"मंग? विहीर का नखानं खोदायची?" अप्पा म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुष्काळ म्हणजे विहिरीचा तळ खाली नेणं. आमच्याकडं खालचा खडक असला कडक, की पहारीला दाद देत नाही. तो सुरुंगाने फोडायचा, सुरुंगाला लागतात जिलेटिनच्या कांड्या. दौरा ठरल्यावर आसपासच्या सगळ्या गावांतल्या कांड्या मीच सील करून ठेवल्या होत्या. पण अप्पांनी सुरुंग उडवले ते त्याच्या आधी.

"ते झालं. पण तुमच्या अंगाला अजून वास कसा?"

"विहिरीत दोरानं उतरावं लागतंय फौजदार. दोन्ही हातानं दोर धरायचा. मंग कांड्या ठिवायच्या कुठं? पटक्यात खोचल्या."

"हाच पटका?"

"माज्याकडं का धा पटके हायेत?"

"आणि धुतला नाही?"

अप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काय इचारायलाव फौजदार? प्यायला न्हाई आन् पटका धुऊ?"

चौहानसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पटका उतरवायला लावला, बाहेर नेऊन ठेवला, कुत्र्याला आत आणवलं. अप्पांनी डबी छातीशी धरली. "कुतरं देवाचंच हाय, पर माझ्या लिंगाला नाक लावायचं न्हाई." हवालदाराने साखळी आखडती घेतली. कुत्रा अप्पांभोवती फिरला, पायाशी गेला, हाताशी आला, मान वर करून केसांकडं हुंगलं.

आणि बसला.

डोक्यावर कांड्या वाहिल्या होत्या ना! केसांत, मानेला, हातांना, सगळीकडं वास. चौहानसाहेबांनी घड्याळ बघितलं. "दूसरा आदमी लीजिए."

तेवढ्यात आमचे एसपीसाहेब दारात आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. नवा जिल्हा, पहिलाच एवढा मोठा दौरा. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, कुत्रा दोनदा बसला म्हणतात. तू काय करून राहिलास? काढून टाक त्यांचं नाव. उपसरपंच तयार आहे."

"सर, उपसरपंच काय बोलणार ते आपल्याला माहीत आहे."

"मग बोलू दे ना! तुझी नोकरी मोठी की टँकर?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला नोकरीच मोठी वाटली. घरी तीन पोरं होती. पण दाराच्या फटीतून कठड्यामागच्या बाया दिसत होत्या, आणि त्यांच्यासमोर मैदानात उभा असलेला टँकर.

त्या टँकरचं सांगायचं राहिलं. हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडते, पायलटला जमीन दिसत नाही, म्हणून आधी पाणी मारावं लागतं. हा काही चोचला नाही, धुळीत अपघात होतात. सकाळी एकदा पाणी मारून झालं होतं. उतरायच्या थोडं आधी पुन्हा मारायचं म्हणून टँकर थांबवलेला, भोवती पोलीस. गावात आलेला तो पहिला टँकर. आणि त्याचं पाणी बायांच्या डोळ्यांदेखत मातीत जिरलं होतं. एकही बाई शिवी देत नव्हती, ओरडत नव्हती. नुसत्या रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझी छाती झाली नाही.

मी परत आत गेलो. "साब, इनको नहलाते हैं. कपडे बदलते हैं. फिर भी कुत्ता बैठा तो मैं खुद इनको गाँव के बाहर छोडके आता."

चौहानसाहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "जल्दी."

वाटलं, जिंकलो. कसचं काय! अप्पाच अडून बसले.

"मी न्हाई आंघोळ करणार."

"अहो अप्पा!"

"त्या टँकरच्या पाण्यानं? गावासमोर? पोरंबाळं वाटीनं पाणी प्यायलीत आन् मी बादलीनं अंगावर घिऊ? राहू द्या. त्या उपसरपंचाला पाठवा. मला न्हाई भेटायचं कोणाला."

मी हात जोडले, समजावलं, रागावलो. म्हातारा हलेना. वेळ तर पळत होता. शेवटी मी बाहेर येऊन कठड्यापाशी गेलो आणि राजाबाईला हाक मारली. राजाबाई म्हणजे अप्पांच्या शेजारची, गावात तोंडाने फटकळ म्हणून नाव काढलेली. तिला शाळेच्या खिडकीशी आणलं आणि काय झालं ते सांगितलं. तिने खिडकीच्या गजाला तोंड लावलं.

"ओ अप्पा! का लाजायलाव नव्या नवरीवाणी? घ्या आंघोळ!"

"राजे, गावाचं पाणी हाय ते."

"गावाचंच हाय तर गाव म्हणतंय घ्या! एक बादली मेली समजा. तुमी आत न्हाई गेलाव तर त्यो उपसरपंच जाऊन दात इचकंल, मंग आमी काय जन्मभर धूळ पिऊ? आँ?" आणि मग एकाएकी तिचा आवाज खाली आला. "माझ्या लेकीचं तान्हं हाय घरात अप्पा. ऊठा हो. पाया पडते तुमच्या."

अप्पा उठले.

शाळेमागं एक बेलाचं झाड होतं. अर्धं वाळलेलं. अप्पा म्हणाले, तिथं बसतो, अंगावरचं पाणी झाडाला तरी जाईल. टँकरमधून एक बादली आणली. बादली जड नव्हती, पण दोन शिपाई दोन्हीकडून धरून आणत होते, सांडू नये म्हणून. कठड्यामागच्या सगळ्या माना बादलीबरोबर वळत होत्या. माझ्या बॅगेतला साबण आणि नवा कोरा टॉवेल दिला, गावातल्या दुकानदाराने कोरं धोतर दिलं. अप्पांनी तांब्या-तांब्याने, एक थेंब वाया न घालवता, केस चोळून चोळून आंघोळ केली. डबी गळ्यातच. तळाशी तांब्याभर पाणी उरवलं.

माझा टॉवेल डोक्याला गुंडाळून उभे राहिले. कुत्रा आणला.

मी देवाधर्माचा माणूस नाही. पण तेव्हा मनात म्हणालो, महादेवा, ह्याला उभा ठेव. कुत्रा फिरला. पाय, हात, धोतर. मागून गेला, पुढं आला. नाक वर करून टॉवेल हुंगला. एकदा मागचे पाय वाकवल्यासारखे केले. मग शिंकला आणि हवालदाराकडे निघून गेला.

"क्लियर," हवालदार म्हणाला.

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच चौहानसाहेबांनी अप्पांच्या गळ्याकडं बोट केलं. "बंद चीज़."

आता मात्र मला रडू यायचं बाकी होतं. दूर कुठंतरी वायरलेसवर हेलिकॉप्टर निघाल्याचा निरोप आला. अप्पांना मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "फौजदार, त्यास्नी इचारा, नुसतं बघायचंय का हातात घ्यायचंय?"

"बघायचंय," मी साहेबांना न विचारताच सांगितलं.

"बघायचं आसंल तर बघा म्हणावं. पूजेला उघडतोच की मी. आंघोळ झालीय, पाणी उरलंय, बेल हाय. पर बूट काढा म्हणावं."

मला वाटलं, आता हे काही होत नाही. पण चौहानसाहेब खाली वाकले आणि बूट काढायला लागले. मोजेसुद्धा काढले. मग कमरेच्या पट्ट्याकडं बघून थांबले. चामड्याचा पट्टा, त्यात पिस्तूल. साहेब तो काढणार नव्हते आणि काढू शकत नव्हते.

अप्पांना ते दिसलं. "ते राहू द्या. माझं गळ्यात आसतंय, तुमचं कमरेला. ज्याचं त्याचं व्रत हाय."

अप्पा झाडाखाली मांडी घालून बसले. साहेब समोर अनवाणी, हातभर अंतरावर उकिडवे. अप्पांनी डबी उघडली, कापडाची गुंडाळी सोडली आणि लिंग डाव्या तळहातावर ठेवलं.

साहेबांचा चेहरा आवळला. का ते मला लगेच कळलं. इष्टलिंग म्हणजे लिंबाएवढा काळा कुळकुळीत गोळा. आत दगड, वरून काळा लेप. आणि ह्या लोकांना शिकवलेलं असतं की स्फोटक हे मळलेल्या कणकेसारखंही असतं, त्याचा कसाही गोळा करता येतो. धातूची डबी, आत कापड, कापडात काळा गोळा. त्यात सकाळपासून दोनदा कुत्रा बसलेला. त्यांच्या जागी मी असतो तर पळालो असतो. ते हलले नाहीत, पण त्यांचा उजवा हात पट्ट्याकडं गेला.

अप्पा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. त्यांनी लिंगाला डबीतलंच भस्म लावलं. बेलाचं पान वाहिलं. तांब्यातलं पाणी बारीक धारेने लिंगावर सोडलं. पाणी त्या काळ्या गोळ्यावरून ओघळून तळहाताच्या खोलग्यात साठलं. मग अप्पांनी हात तोंडाशी नेला आणि ते पाणी पिऊन टाकलं. सगळं. तळहात जिभेने पुसून घेतला.

तीर्थ होतं ते. तसंच घेतात. मी लहानपणापासून बघत आलोय, पण त्याचा असा उपयोग होईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

चौहानसाहेबांचा हात पट्ट्यावरून खाली आला. उठले. बूट हातात घेतले.

"जो लाया, उसी ने पहले पिया," ते म्हणाले. "पास."

बूट घालता घालता त्यांनी मला जवळ बोलावलं. "ये आदमी पूरे टाइम मेरे बगल में खडा रहेगा. और आप उसके बगल में." म्हणजे विश्वास वगैरे काही नाही बरं का. पास म्हणजे पास, तेवढंच.

हेलिकॉप्टर उतरलं. व्हीआयपी विहिरीपाशी आले, वाकून आत बघितलं, मान हलवली. चौघांनी हार घातले. अप्पा पुढं झाले. एका बाजूला साहेब, एका बाजूला मी. अप्पांच्या हातांवर माझे डोळे आणि माझ्यावर साहेबांचे.

भाषांतराला एक महसूलचे अधिकारी उभे होते. अप्पा काही वेडंवाकडं बोलले तर त्याचं गुळगुळीत हिंदी करायचं, असं त्यांना सांगून ठेवलेलं होतं. पण एक गोष्ट सगळे विसरले होते. अप्पा निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकले होते, मघाशी रागाने मराठीच बोलत राहिले तेवढंच.

"कहिए," व्हीआयपी म्हणाले.

अप्पांनी हात जोडले. "हुजूर, आपसे मिलाने के वास्ते आज मेरे कू नहलाए. गर्मी लगी तब से पहली बार नहाया मैं. वो एक बालटी पानी गाँव का था. वापस दिलाओ." जरा थांबले. "रोज दिलाओ."

भाषांतरवाल्या अधिकाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. व्हीआयपींनी आधी अप्पांच्या डोक्यावरचा पोलिसाचा टॉवेल बघितला, मग मैदानातली ओली माती, मग कठड्यामागच्या घागरी. मग कलेक्टरसाहेबांकडं वळले. साहेब अडखळत म्हणाले की जुन्या जिल्ह्यातून कागद अजून यायचे आहेत.

"काग़ज़ जब आएँगे तब आएँगे," व्हीआयपी म्हणाले. "टैंकर आज आएगा."

आला. संध्याकाळी, अंधार पडायच्या आत. तोच टँकर होता, हेलिपॅडचा. त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत रोज यायचा. गावात त्याला टँकर कोणी म्हणालं नाही. 'अप्पाची बादली आली गं!' अशी हाळी द्यायची राजाबाई, आणि घागरी धावायच्या.

मला मेमो मिळाला. दोन वेळा कुत्रा बसलेल्या इसमास व्हीआयपींच्या हाताच्या अंतरावर का जाऊ दिलं, याचा खुलासा करा. मी लिहिलं, 'सदर इसमास आंघोळ घालण्यात आली.' एसपीसाहेब ते वाचून आधी माझ्यावर खेकसले, मग हसले आणि फाइल बंद केली. दिल्लीहून मात्र पुढं सगळीकडं सूचना गेली म्हणतात. दुष्काळी भागात भेटीला येणाऱ्या माणसाला आधी विचारा, विहिरीत सुरुंग लावलाय का? आणि बंद वस्तू उघडायची झाली तर उघडायची रीत ज्याची वस्तू त्यालाच विचारा. तीस वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते एवढंच, आणि तेही एका कुत्र्याने शिकवलं.

पुढं कधीतरी अप्पा मला लातूरच्या आडत बाजारात भेटले. पाऊस झालेला, डोक्याला धुतलेला पांढरा पटका. चहा पिताना म्हणाले, "फौजदार, ते कुतरं कसं हाय?"

"बरं असेल. का हो?"

"त्याचे उपकार हायेत."

"उपकार? अप्पा, त्याच्यापायी तुम्ही पकडले जाणार होता!"

"तसं न्हाई." अप्पांनी बशी खाली ठेवली. "मी आठ दिस पाठ करून ठिवलं होतं काय बोलायचं ते. पाण्याची टंचाई, जनतेचे हाल, लई मोठमोठं. मास्तरानं लिहून दिलं होतं. ते कुतरं बसलं नसतं तर मी तेच बोललो आसतो. आन् ते नमस्कार करून निघून गेले आसते."

चहाचे पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.